हौसेला मोल नसते, म्हणे

एकाच वर्षी, एकाच देशात लिहिले गेलेले दोन कागद शेजारी ठेवून वाचले, तर कधीकधी एका संपूर्ण ज्ञानशाखेची कुळकथा हाती लागते. येथे वर्ष आहे १९५७ आणि देश अमेरिका.

पहिला कागद म्हणजे कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल. रे डेनिसन नावाचा तरुण फोर्ट लुईस ए अँड एम या महाविद्यालयाच्या संघातून फुटबॉल खेळत असे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. अंगावर धडका देण्याघेण्याचा अमेरिकी फुटबॉल. १९५५ साली एका सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला आणि तो दगावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली भरपाई मागितली. दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे फेटाळला गेला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, त्या खेळापासून त्याला नफा होत नाही, सबब मरण पावलेला खेळाडू कामगार ठरत नाही.

दुसरा कागद म्हणजे एक पत्र. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी ते शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक जेम्स मेसन यांना लिहिले. खेळाच्या जागा आणि संस्था चालवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस हवा असेल तर तो शोधायचा कुठे, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न मेसन यांच्या मनात राहिला आणि त्यातूनच पुढे १९६६ साली ओहायो विद्यापीठात क्रीडाप्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७१ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्याचा कित्ता गिरवला. १९८५ मध्ये या विषयाच्या अध्यापकांची उत्तर अमेरिकी संघटना निघाली, १९८७ मध्ये तिचे नियतकालिक निघाले. आज अमेरिकेत असे शेकडो अभ्यासक्रम आहेत, आणि मुंबई-पुण्यातही क्रीडाव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदव्या मिळू लागल्या आहेत.

म्हणजे एका कागदाने सांगितले की विद्यापीठात खेळाचा धंदा नसतो. दुसऱ्याने विद्यापीठाला खेळाचा धंदा शिकवण्याची गळ घातली. विद्यापीठांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. एका इमारतीत धंद्याचे शास्त्र शिकवायचे आणि शेजारच्या मैदानावर धंदा होतच नाही असे शपथेवर सांगायचे, हा प्रकार पुढे सहा दशके विनातक्रार चालला. माझे म्हणणे असे की, हा केवळ ढोंगाचा मामला नाही. क्रीडाव्यवस्थापन या विषयाच्या घडणीतच एक निरक्षरता आहे. या विषयाला मोजता येते, वाचता येत नाही. ज्या शब्दांवर त्याची सारी मांडणी उभी आहे, ते शब्द कुणी, केव्हा आणि कुणाच्या विरोधात घडवले, याची विचारपूस त्याने आपल्या केंद्रस्थानी कधी आणली नाही. आणि हे काम ज्यांना येते असे समजले जाते, ते आपण साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी, नाक मुरडून दूर उभे राहिलो.

(१)

प्रथम एक शब्द घेऊ. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूला गेली सत्तर वर्षे ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणतात. वरवर पाहता या जोडशब्दात आक्षेपार्ह काहीच नाही. उलट शिक्षणाला अग्रस्थान देणारा, जरासा सोज्ज्वळच शब्द. पण त्याचा जन्म कसा झाला ते पाहावे. १९५३ साली कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने अर्नेस्ट नेमेथ या जायबंदी फुटबॉलपटूच्या दाव्यात निकाल दिला होता की, डेन्व्हर विद्यापीठाने त्याला दिलेले काम त्याच्या खेळण्याशी निगडित असल्यामुळे तो भरपाईस पात्र आहे. विद्यापीठांच्या पोटात गोळा आला. खेळाडू जर कामगार ठरू लागले तर मोडलेल्या प्रत्येक हाडाचा हिशेब द्यावा लागेल! महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’चे तेव्हाचे सर्वाधिकारी वॉल्टर बायर्स होते. खेळाडूंना नोकर ठरवले जाईल या भीतीपोटी आपण ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा घडवली आणि सर्व नियमांत व भाष्यांत तिचा वापर सक्तीचा केला, असे त्यांनी स्वतःच निवृत्तीनंतर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनपर पुस्तकात लिहून ठेवले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अर्थच्छटांचे शिक्षण दिलेले असते. त्याने या कबुलीजबाबाकडे जरा थांबून पाहावे. येथे शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करण्यासाठी आलेला नाही. एका वर्गाला कायद्याच्या दारातून आत येऊ न देण्यासाठी आला आहे. त्याने आपले काम चोखही बजावले. १९७४ साली टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉलड्रेप हा खेळाडू सामन्यात मानेखाली लुळा पडला. त्याचा भरपाईचा दावा टेक्ससच्या अपील न्यायालयाने २००० साली फेटाळला, कारण तो विद्यापीठाचा नोकर नव्हता. मधल्या पाव शतकात त्या धंद्याची उलाढाल कुठल्या कुठे गेली होती. २०१० साली केवळ पुरुषांच्या वार्षिक बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांसाठी चौदा वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार झाला. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. प्रशिक्षक नोकर, मैदानाचा रखवालदार नोकर, तिकिटे फाडणारा नोकर; मैदानात उतरणारा मात्र विद्यार्थी.

मराठीत आपण ‘अ‍ॅमेच्युअर’ला ‘हौशी’ म्हणतो. हौशी रंगभूमी, हौशी खेळाडू. शब्द मोठा लाघवी आहे. त्यात प्रेम आहे, पदरमोड आहे, तालमीनंतरचा चहा आहे. ‘हौसेला मोल नसते’ ही म्हणही आपण कौतुकाने वापरतो. ज्याची हौस त्याने स्वतःच्या खिशाला चाट लावून पुरी केली तर ती म्हण खरीच. हौशी नाट्यसंस्थेत नट पैसे घेत नाही, तसे दिग्दर्शक आणि पडदा ओढणाराही सहसा घेत नाही. म्हणून तिथे हा शब्द प्रामाणिक राहतो. पण एकाच्या हौसेवर दुसऱ्याने तिकीट लावले, तिसऱ्याने जाहिरात विकली आणि चौथ्याने त्या विक्रीचे पदव्युत्तर शिक्षण दिले, तर म्हणीचा अर्थ उलटतो. मोल असते, ते घेतलेही जाते. फक्त हौस करणाऱ्याला दिले जात नाही.

(२)

आता ओमॅलींच्या पत्राकडे वळू. त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. नौकांचा धक्का, शर्यतीचे मैदान, बर्फावरील खेळांचे विश्रामस्थान, सभागृह, स्टेडियम, नाट्यगृह, प्रदर्शनाची जागा आणि पुढे लहान मुलांच्या क्रीडासंघटनांतली कार्यकारी पदे. जागा आहेत, पदे आहेत. खेळणारा नाही आणि पाहणाराही नाही. ज्या विषयाचा आराखडा अशा यादीतून निघाला, त्याच्या अभ्यासपत्रिका आजही बऱ्याच अंशी तिचाच विस्तार आहेत : विपणन, वित्त, प्रायोजकत्व, स्टेडियम आणि स्पर्धांचे आयोजन, कायदा, आकडेवारीचे विश्लेषण.

हे पत्र लिहिणारा मालक त्याच वर्षी काय करत होता? डॉजर्स हा ब्रुकलिनचा संघ होता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून त्याने बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली होती आणि १९५५ साली जगज्जेतेपद मिळवले होते. ओमॅलींना ब्रुकलिनमध्येच नवे स्टेडियम हवे होते. न्यूयॉर्कच्या नगररचनेवर हुकमत गाजवणाऱ्या रॉबर्ट मोझेस यांनी त्यांना हवी ती जागा दिली नाही. हा इतिहास ओमॅलींच्या बाजूचाही आहे आणि तो सांगितला पाहिजे. परंतु अखेर २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर डॉजर्सचा शेवटचा सामना झाला, ऑक्टोबरमध्ये संघ लॉस एंजलिसला हलवल्याची घोषणा झाली आणि १९६० साली ते मैदान पाडले गेले. लॉस एंजलिसमध्ये नवे स्टेडियम उभे राहिले ते चावेझ रव्हीन या भागात. मेक्सिकन वंशाच्या लोकांची ही जुनी वस्ती सार्वजनिक घरबांधणीच्या नावाखाली आधीच बहुतांशी उठवली होती. घरे काही झाली नाहीत. १९५८ च्या सार्वमताने जमीन संघाला देण्यावर शिक्कामोर्तब झाले. मागे राहिलेल्या रहिवाशांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी घराबाहेर ओढून काढले. १९६२ साली तिथे डॉजर स्टेडियम सुरू झाले.

हिशेबाच्या वहीत हे सारे यशच आहे. १९५७ साली ब्रुकलिनमध्ये हंगामभरात सुमारे १० लाख प्रेक्षक आले होते. १९५८ साली लॉस एंजलिसमध्ये १८ लाखांहून अधिक आले. व्यवस्थापनाच्या वर्गात हे स्थलांतर दूरदृष्टीचा नमुना म्हणून शिकवता येईल आणि त्यातला एकही आकडा खोटा नसेल. प्रश्न असा की ब्रुकलिनचे जे गेले आणि चावेझ रव्हीनचे जे उठवले गेले, ते कोणत्या रकान्यात मांडायचे? त्यांची नोंद ठेवली ती लेखकांनी. डॉजर्सबरोबर तरुण वार्ताहर म्हणून हिंडलेल्या रॉजर कान यांनी १९७२ साली ‘द बॉइज ऑफ समर’ लिहिले. हे शीर्षक त्यांनी डिलन टॉमस या कवीकडून घेतले, हेही आपल्या वाचकांना रुचावे. १९९७ साली इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांनी त्या संघाभोवती गुंफलेले आपले बालपण लिहिले. संघ म्हणजे मालकाची स्थावर-जंगम मालमत्ता की वस्तीची सामाईक आठवण, हा वाद या पुस्तकांत जिवंत आहे. ज्या विद्यार्थ्याला उद्या एखादा संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवण्याचा प्रस्ताव तयार करायचा आहे, त्याने ही पुस्तके वाचलेली असणे ही चैन नव्हे.

(३)

यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करतो.

पहिला आक्षेप : हे एक कौशल्य आहे. हॉटेल चालवण्याचे शिक्षण असते तसे स्टेडियम चालवण्याचे. त्यात तत्त्वज्ञान कशाला शोधता? उत्तर असे की, प्रत्येक कौशल्य काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही हे आधी ठरवते आणि मगच हातोडी उचलते. डोक्याला बसलेला मार खर्चाच्या बाजूला लिहायचा की नाही, हे ठरल्यावरच नफा किती ते ठरते. डेनिसनच्या खटल्यात नेमके हेच ठरले. नफा नाही असे न्यायालय म्हणाले, कारण तो कुणी त्या नावाने लिहिला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे : आता खेळाडूंना पैसे मिळू लागले, मग तक्रार कसली? मिळू लागले हे खरे. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने आपली प्रतिमा आपल्या संमतीविना एका व्हिडिओ गेममध्ये वापरलेली पाहिली आणि २००९ साली दावा लावला; २०१४ साली निकाल त्याच्या बाजूने झाला. २०२१ साली अ‍ॅल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातील तडजोडीला मान्यता मिळून जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर देण्याचे ठरले आणि २०२५-२६ या वर्षापासून प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत वाटण्याची परवानगी मिळाली.

पण हे कुणामुळे घडले ते पाहा. अ‍ॅल्स्टन फुटबॉलपटू, हाउस जलतरणपटू. वादी खेळाडू होते, निकाल न्यायाधीशांनी दिले. एका ज्ञानशाखेचे शेकडो विभाग ज्या प्रश्नाच्या शेजारी बसून होते, तो प्रश्न त्यांच्या वर्गातून नव्हे, कोर्टाच्या पायरीवरून सुटू लागला. आणि सुटला तरी किती? पैसा देण्याची तयारी झाली. ‘नोकर’ हा शब्द मात्र अजूनही उंबऱ्याबाहेर आहे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला होता. वर्षअखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला. शब्दाची पकड पैशाहून चिवट असते, याचा आणखी पुरावा नको.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो, कारण तो न घेतल्यास या लेखात अन्याय होईल. या विषयात चिकित्सक अभ्यासक झालेच नाहीत असे नाही. अ‍ॅलन सॅक हे नॉटर डेम विद्यापीठाच्या १९६६ सालच्या अजिंक्य संघात खेळलेले आणि पुढे क्रीडाव्यवस्थापनाचे प्राध्यापक झालेले गृहस्थ. त्यांनी एलन स्टॉरॉव्स्की यांच्यासह १९९८ साली ‘हौशी’पणाच्या मिथकाची चिरफाड करणारे पुस्तक लिहिले, स्टॉरॉव्स्की ओबॅनन खटल्यात खेळाडूंच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभ्या राहिल्या. नीतिशास्त्र आणि समाजशास्त्राचा एखादा पेपरही अभ्यासक्रमांत असतो. माझा मुद्दा हाच आहे की तो ‘एखादा पेपर’ असतो. सोमवारी नीती, मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत विपणन, अशी वाटणी केल्यावर विद्यार्थी सोमवारचे शिक्षण कुठे ठेवील हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय या पदव्यांचा एक आवश्यक भाग म्हणजे संघांत आणि विद्यापीठांच्या क्रीडाविभागांत करायची उमेदवारी, अनेकदा बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्यावर. विद्यार्थी तिथेही हौसेनेच राबतो. खेळावर प्रेम आहे ना, मग पैसे कशाला मागतोस, हे वाक्य मैदानातून कार्यालयात असे सरकते.

(४)

आता आपल्या दारातला केर पाहू. ओहायोचा अभ्यासक्रम १९६६ चा. त्याआधी तीनच वर्षे, १९६३ साली, त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांचे ‘बियाँड अ बाउंडरी’ प्रसिद्ध झाले होते. खेळाचा अभ्यास करण्याच्या दोन वाटा एकाच दशकात निघाल्या. एकीने स्टेडियम कसे चालवावे हे विचारले. दुसरीने क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांआड वर्ण, वसाहत आणि सौंदर्यदृष्टी यांचे काय चालले आहे हे विचारले. जेम्स केवळ रसग्रहण करून थांबले नाहीत. त्रिनिदादमध्ये वृत्तपत्राचे संपादक असताना त्यांनी वेस्ट इंडिजचे कर्णधारपद फ्रँक वॉरेल यांना मिळावे म्हणून मोहीम चालवली, आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात वॉरेल संपूर्ण मालिकेसाठी नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय कर्णधार झाले. कर्णधार कोण असावा हा व्यवस्थापनाचाच प्रश्न. तो सोडवण्यात एका समीक्षकाच्या लेखणीचा मोठा वाटा होता.

हाच प्रश्न आपल्याकडे त्याआधी चार दशके विचारला गेला होता. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे गोलंदाज. पुण्याच्या युरोपीय क्लबात ते महिना चार रुपयांवर नोकरीला होते : खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. पगार रुळाचा होता. गोलंदाजीचे कसब त्यात फुकट होते. येथे अमेरिकेतली गोष्ट उलटी करून पाहावी. फोर्ट लुईसचा डेनिसन खेळाडू म्हणून मोजला गेला, कामगार म्हणून नाही. पुण्याचे बाळू नोकर म्हणून मोजले गेले, खेळाडू म्हणून नाही. दोन्हीकडे जे द्यायचे नव्हते ते शब्दाने टाळले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. ही कहाणी इंग्रजीतून रामचंद्र गुहांनी २००२ मध्ये विस्ताराने मांडली. मराठी साहित्याच्या किती विभागांत ती वाचली जाते, हे प्रत्येकाने आपापल्या अभ्यासपत्रिकेत शोधावे. दलित साहित्य शिकवताना आपण शाळा, पाणवठा आणि देऊळ यांच्याकडे पाहतो. क्रिकेटचे मैदानही त्याच यादीतले आहे.

आणि मैदान आज आपल्या घरात आले आहे. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला. दुसऱ्या दिवसापासून मराठी वृत्तपत्रांनी ‘विकला गेला’, ‘खरेदी केले’, ‘बोली लागली’ हे शब्द माणसांसाठी वापरायला घेतले, ते आजतागायत. गुरांच्या बाजारातली ही क्रियापदे माणसांच्या बाबतीत इतक्या सहजी रुळली की आता ती खटकावीत अशी अपेक्षा करणाराच विक्षिप्त ठरतो. खेळाडूंना त्यातून भरपूर पैसा मिळतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. डेनिसनच्या विधवेला एक पै मिळाली नाही त्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण भाषेच्या अभ्यासकाने एवढे तरी विचारावे की ‘करार झाला’ असे म्हणण्याऐवजी ‘विकला गेला’ असे म्हटल्याने कोण मालक झाला आणि कोण माल झाला.

२०२२ साली या स्पर्धेचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. हा आकडा क्रीडाव्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला जात असेल. त्याच्या शेजारी मी दुसरी एक तारीख लिहू इच्छितो : १३ एप्रिल २०१६. मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे या स्पर्धेचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावेत. मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळुरूला झाला. सामने हलवल्याने लातूरला किती पाणी मिळाले, असा उपहास तेव्हा पुष्कळ झाला, आणि पाण्याच्या हिशेबाने तो अगदीच चुकीचा नव्हता. परंतु खेळपट्टीवर पडणारे पाणी कुणाचे, हा प्रश्न कायदेशीर भाषेत एकदा तरी विचारला गेला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण ‘ऐनवेळी स्थळबदल करण्याची कसरत’ म्हणून शिकवता येईल. ते तसे शिकवले गेले, तर चावेझ रव्हीनपासून आपण काहीही शिकलो नाही असे समजावे.

(५)

हे अभ्यासक्रम बंद करा, असे मी म्हणत नाही. खेळाच्या संस्था कुणीतरी चालवायच्याच आहेत, आणि त्या पुढाऱ्यांच्या मेहुण्यांनी चालवण्यापेक्षा शिकलेल्या माणसांनी चालवलेल्या बऱ्या. म्हणूनच शिक्षण कसे असावे हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा लागतो.

माझ्या मागण्या तीन आहेत. एक, क्रीडाव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी देताना त्या विषयाच्या मूळ शब्दांचा इतिहास हा पहिला आणि अनिवार्य पेपर असावा : हौशी, विद्यार्थी-खेळाडू, लिलाव, मालक, चाहता. दोन, न्यायालयांचे निकाल आणि खेळाडूंची निवेदने मूळ संहिता म्हणून वाचायला लावावीत. सारांशाच्या चौकटीत कोंबून नव्हे. तीन, जो विभाग धंदा शिकवतो त्याने आपल्या विद्यार्थ्यांना बिनपगारी उमेदवारीवर पाठवू नये. स्वतःच्या घरचा हिशेब चोख नसणाऱ्याने दुसऱ्याला वही लिहायला शिकवू नये.

आणि साहित्याच्या विभागांकडे मागणी एकच. या कामासाठी बोलावणे येण्याची वाट पाहू नका. आपल्याकडे पदव्युत्तर वर्गात जाहिरातीची भाषा शिकवली जाते, चित्रपटाची संहिता वाचली जाते. मग निकालपत्राने काय घोडे मारले आहे? पुढच्या सत्रात डेनिसनच्या खटल्याचा निकाल आणि ओमॅलींचे पत्र हे दोन कागद वर्गात वाटा. विद्यार्थ्यांना एवढेच विचारा की, या दोन लेखनांत ‘खेळ’ या शब्दाचा अर्थ काय आहे, आणि कुणाचे नाव कुठेच आलेले नाही. जो विद्यार्थी याचे उत्तर नीट लिहील, त्याने पुढे हवे तर संघ चालवावा, हवे तर समीक्षा लिहावी. निदान एखाद्या विधवेचा अर्ज टेबलावर आला तर तो कोणत्या शब्दाने फेटाळला जात आहे, हे तरी त्याला वाचता येईल.